ट्रॉमात संशोधन करायचंय? आधी हिशेबातून निसटणारे पेशंट शोधा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही सरकारी मेडिकल कॉलेजात एमएस जनरल सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहात. थिसिस पोटाला बसलेल्या मुक्या मारावर आहे. इमर्जन्सीच्या दिवशी काम करायला तुम्हाला मनापासून आवडतं आणि पुढेही ट्रॉमातच, म्हणजे अपघात-मारहाणीसारख्या इजांच्या उपचारांतच, राहायचं आहे. पण सीनियर सांगतात की ट्रॉमात संशोधन होत नाही, पेपर हवे असतील तर कॅन्सर किंवा लॅप्रोस्कोपीकडे वळ, आणि खरं संशोधन करायचं असेल तर परदेशी जा. तुम्ही विचारलंय, सर्जन राहून ट्रॉमात संशोधन करता येतं का, पीएचडी लागते का, आणि सुरुवात कुठून करायची.

मी मुंबईतल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात शिकले आणि आता शिकवते. ट्रॉमाच्या नोंदी, मृत्यूंचा आढावा आणि बाहेरून रेफर होऊन येणारे पेशंट या विषयांवर बरीच वर्षं काम करते आहे. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते: हो, करता येतं, आणि आपल्याकडच्या सर्जननी ते करायलाच हवं. बाकीचं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमचे युनिट हेड कसे आहेत, कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयात ट्रॉमा किती येतो, घरची आर्थिक जबाबदारी किती आहे, बाँड (शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा) कुठे मिळतो, यातलं मला काहीच माहीत नाही. ते गृहीत न धरता जेवढं सांगता येईल तेवढं सांगते.

सीनियर जे म्हणतात त्यात तथ्य नाही असं नाही, पण त्यांनी कारण चुकीचं पकडलं आहे. पेशंटची वानवा मुळीच नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, आणि यात रेल्वे, पडझड, भाजणं, मारामाऱ्या धरलेल्याच नाहीत. निधी कमी मिळतो हे खरं आहे, पण मुख्य अडचण तीही नाही. मुख्य अडचण अशी की ट्रॉमाचा पेशंट हिशेबात टिकत नाही. कॅन्सरचा पेशंट ओपीडीत येतो, बायॉप्सी होते, फाईल उघडते, तीन महिन्यांनी तो पुन्हा येतो. ट्रॉमाचा पेशंट रात्री दोन वाजता कुणाच्या तरी रिक्षातून येतो, नातेवाईक नसतात, कधी नावही नसतं. कुणी रस्त्यातच जातो, कुणी कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीवर. कुणाला नातेवाईक डामा करून, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेऊन, खासगीत नेतात. कुणी बरा होऊन उत्तर प्रदेशातल्या गावी जातो आणि परत दिसत नाही. तुमच्या मास्टर चार्टमध्ये, म्हणजे थिसिसच्या सगळ्या पेशंटच्या तक्त्यात, उरतात ते लिहून होईपर्यंत जगलेले पेशंट. त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष हा जगलेल्यांचा निष्कर्ष असतो, आणि आपल्याला तर मेलेले का मेले हे शोधायचं असतं.

ही अडचण फक्त आपली नाही. प्लाझ्माची (रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवाची) गोष्ट तुम्ही वॉर्डात अर्धीमुर्धी ऐकली असेल, ती पूर्ण सांगते, कारण या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा धडा तिच्यात आहे. 2007 साली इराकमधल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयातल्या 246 जखमींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना खूप रक्त लागलेलं होतं. ज्यांना रक्ताच्या मानाने प्लाझ्मा अगदी कमी मिळाला त्यांच्यात 65 टक्के मृत्यू, आणि ज्यांना जवळजवळ एकास एक मिळाला त्यांच्यात 19 टक्के. एवढा फरक बघून जगभरच्या ट्रॉमा सेंटरांनी आपले प्रोटोकॉल बदलले. मग काही जणांनी एक साधी शंका काढली. प्लाझ्मा गोठवलेला असतो, तो वितळवून हातात येईपर्यंत अर्धा तास सहज जातो, रक्ताची पिशवी मात्र लगेच मिळते. मग जो पेशंट पहिल्या अर्ध्या तासातच गेला, तो आपोआप ‘कमी प्लाझ्मा’च्या गटात मोजला गेला. तो प्लाझ्मा कमी मिळाला म्हणून मेला, की लवकर मेला म्हणून त्याला प्लाझ्मा मिळाला नाही? 2015 साली उत्तर अमेरिकेतल्या 12 ट्रॉमा सेंटरांत 680 पेशंटवर चाचणी झाली. चिठ्ठी टाकावी तसे यदृच्छ गट पाडले होते. 30 दिवसांतले मृत्यू रक्ताइतकाच प्लाझ्मा मिळालेल्या गटात 22.4 टक्के, रक्ताच्या निम्मा मिळालेल्या गटात 26.1 टक्के निघाले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. पहिल्या 24 तासांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू मात्र जास्त प्लाझ्माच्या गटात कमी होते. म्हणजे प्लाझ्माचा उपयोग आहे, पण 65 आणि 19 मध्ये दिसली तेवढी मोठी दरी तिथे नव्हती. त्या दरीचा बराचसा भाग वेळेमुळे तयार झालेला असावा.

म्हणून माझ्याकडे कुणी रेसिडेंट टेबल घेऊन आला की मी पहिला प्रश्न विचारते, यात कोण नाही? पी व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे सांगणारा आकडा) नंतर बघते. किती जण ब्रॉट डेड होते, किती जण ऑपरेशन थिएटरपर्यंत पोहोचलेच नाहीत, किती जण डामा झाले, किती जणांचे कागद रेकॉर्ड रूममध्ये सापडले नाहीत? पोटाच्या मुक्या मारावरचे आपल्याकडचे कित्येक थिसिस फक्त वॉर्डात ॲडमिट झालेल्यांवर असतात. त्यांत प्लीहा फाटलेल्यांमधले मृत्यू कमी दिसतात, कारण वाईट फाटलेले वॉर्डापर्यंत आलेलेच नसतात.

याच धाग्याची दुसरी बाजू पाहा. नुसते मेलेले मोजून एका भागाची अख्खी व्यवस्था बदलली गेली आहे. 1979 साली कॅलिफोर्नियातल्या सर्जननी दोन काउंटींची (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या) तुलना प्रसिद्ध केली. सॅन फ्रान्सिस्कोत सगळे गंभीर जखमी एकाच ट्रॉमा रुग्णालयात जात. ऑरेंज काउंटीत जे रुग्णालय जवळ असेल तिथे जात. दोन्हीकडचे वाहन अपघातातले प्रत्येकी 90 च्या आसपास मृत्यू घेतले आणि पोस्टमॉर्टेमचे अहवाल व रुग्णालयातले कागद तपासून एकच प्रश्न विचारला, हा मृत्यू टाळता आला असता का? ऑरेंज काउंटीत डोक्याची इजा वगळता झालेल्या मृत्यूंपैकी साधारण दोन तृतीयांश टाळता येण्यासारखे निघाले. सॅन फ्रान्सिस्कोत असा मृत्यू एकच निघाला. कुणाची प्लीहा फाटली होती आणि कुणी पोट उघडलंच नव्हतं, असे ते मृत्यू होते. पुढच्याच वर्षी ऑरेंज काउंटीत ठरावीक रुग्णालयांना ट्रॉमा सेंटर नेमून जखमींना थेट तिथे न्यायला सुरुवात झाली आणि नंतरच्या पाहणीत टाळता येण्यासारखे मृत्यू घटलेले दिसले.

या अभ्यासाला ना नवं औषध लागलं, ना यंत्र. आणि आपल्याकडे तर अशा अभ्यासाची सोय आयती आहे. आपल्याकडे ट्रॉमाचा मृत्यू म्हणजे एमएलसी (पोलिसांत नोंद होणारी मेडिको-लीगल केस), आणि एमएलसी म्हटलं की पोस्टमॉर्टेम आलंच. पाश्चात्त्य देशांत शवविच्छेदनाचं प्रमाण घटत चाललं म्हणून संशोधक हळहळतात. आपल्या शवागारात रोज माहिती तयार होते आणि ती पोलिसांच्या फाईलपलीकडे जात नाही. फोरेन्सिक विभागातल्या तुमच्या बरोबरीच्या रेसिडेंटशी ओळख करून घ्या. रीतसर परवानगी घेऊन आणि एथिक्स कमिटीकडून मंजुरी मिळवून त्या अहवालांसोबत तुमचे केस पेपर ठेवून बघा. किती जणांच्या छातीत लिटरभर रक्त होतं आणि आयसीडी (छातीतलं रक्त बाहेर काढणारी नळी) पडली नव्हती, हे तिथे कळतं. हे काम करताना एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळायची. हा आढावा दोष कुणाचा हे ठरवण्यासाठी नसतो, आणि ते विभागप्रमुखांपासून इंटर्नपर्यंत सगळ्यांना पहिल्या दिवशी स्पष्ट सांगायचं. नाहीतर पुढच्या महिन्यापासून नोंदी सावध होतात, आणि सावध नोंद संशोधनाच्या काही कामाची नसते.

आता नोंदींकडे येते, कारण तुमचं सगळं करिअर त्यांच्यावर उभं राहणार आहे. उद्या तुमच्या कॅज्युअल्टीतले गेल्या महिन्याचे ट्रॉमाचे केस पेपर काढा आणि श्वासाच्या वेगाचा रकाना बघा. बहुतेक ठिकाणी 18 किंवा 20 लिहिलेलं असेल, बरगड्या मोडलेल्याला 20 आणि हाताला खरचटलेल्यालाही 20. कुणी मोजलेलंच नसतं. इजेची गंभीरता मोजणारा रिव्हाइज्ड ट्रॉमा स्कोअर तीन आकड्यांवर उभा आहे: ग्लासगो कोमा स्केल (डोळे, बोलणं आणि हालचाल यांवरून शुद्ध किती आहे त्याचे गुण), सिस्टॉलिक (वरचं) बीपी आणि श्वासाचा वेग. त्यातला एक काल्पनिक असेल तर त्यावर बेतलेलं सगळं गणित वाया जातं. ग्लासगोचंही तसंच. बाहेरून ट्यूब टाकून आलेल्या पेशंटचा बोलण्याचा भाग तपासता येत नाही. तिथे कुणी 1 लिहितं, कुणी टी (ट्यूब) लिहितं, कुणी अंदाजाने भरतं. पुढे विश्लेषणात ‘अपूर्ण माहिती’ म्हणून हे पेशंट गाळले जातात, आणि गाळले जाणारे नेमके सगळ्यात अत्यवस्थ असतात.

नाव नसलेल्या पेशंटची अडचण अजून वेगळी. ‘अननोन मेल, अंदाजे वय 35’ म्हणून नोंद होते. दोन दिवसांनी भाऊ सापडतो, नाव कळतं, आणि काही ठिकाणी नव्या नावाने नवा कागद निघतो. तुमच्या चार्टमध्ये एकाच माणसाचे दोन पेशंट होतात, एकाचं पुढे काय झालं ते माहीत नाही आणि दुसऱ्याचा ॲडमिशनचा बीपी नाही. मुंबईत लोकलमधून पडलेल्यांच्या बाबतीत हे नेहमी होतं. उपाय सोपा आहे. एमएलसी नंबर हा कायमचा धागा धरायचा आणि बाकी सगळं त्याला जोडायचं.

आणि वेळ. इजा झाल्याची वेळ जवळपास कुणीच लिहीत नाही, लिहिली तर पोलिसांच्या कागदावरची लिहितात. ती वेळ ज्याला खात्रीने माहीत असते तो माणूस, म्हणजे पेशंटला उचलून आणणारा, पाच मिनिटांत निघून जातो. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं लागू केली, 2019 च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातही आलं, आणि आता त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. पण नाव न विचारता वेळ विचारता येते. ‘दादा, किती वाजता झालं हे?’ एवढंच. मी आमच्या इंटर्नना हे शिकवते, कारण हा प्रश्न दारातल्या दारात विचारला नाही तर पुन्हा कधीच विचारता येत नाही.

वेळेवर इतका भर का देते, ते रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडवरून कळेल. औषध जुनं आहे, जपानमध्ये 1960 च्या दशकात ओकामोतो दांपत्याने शोधलेलं, आणि आपल्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञ ते सर्रास देतात. लंडनहून चालवलेल्या क्रॅश-2 चाचणीत 40 देशांतल्या 274 रुग्णालयांमधून 20,211 जखमी घेतले गेले. भारतातल्या रुग्णालयांचा त्यात मोठा सहभाग होता. 2010 मध्ये निकाल आला: एकूण मृत्यू 16.0 टक्क्यांवरून 14.5 वर आले. पुढच्या वर्षी त्याच आकड्यांची वेळेनुसार फोड केली तेव्हा दिसलं की इजेनंतर तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात, तीन तासांनंतर दिलं तर उलट वाढतात. औषध तेच, डोसही तोच. इजेची वेळ लिहिलेली नसती तर ही गोष्ट कळलीच नसती. आणि माझ्या दृष्टीने त्या चाचणीतला सगळ्यात मोलाचा आकडा वेगळाच आहे. 20,211 पैकी 20,127 जणांचं पुढे काय झालं हे माहीत होतं. फक्त 84 निसटले. कसं जमलं? प्रवेशाचा फॉर्म छोटा ठेवला, आणि शेवटी रुग्णालयातला मृत्यू, डिस्चार्ज किंवा 28 वा दिवस, यातलं जे आधी येईल ते नोंदवायचं ठरवलं. कॅज्युअल्टीतल्या रजिस्ट्रारला नाईट ड्यूटीत जेवढं भरता येईल तेवढंच विचारलं होतं. आपल्याकडचे 12 पानी प्रोफॉर्मे बघितले की मला हे आठवतं.

हाच निष्कर्ष आता तुमच्या जिल्ह्यात आणून बघा. पेशंट अपघातानंतर आधी ग्रामीण रुग्णालयात जातो, तिथून उपजिल्हा, तिथून जिल्हा, आणि मग तुमच्याकडे. तुमच्या दारात येईपर्यंत तीन तास उलटून गेलेले असतात. मग तुमच्यासाठी संशोधनाचा प्रश्न काय? औषध उपयोगी आहे का, हा प्रश्न सुटलेला आहे. पहिल्या रुग्णालयात ते दिलं गेलं का, 108 च्या गाडीत दिलं गेलं का, नसेल तर का नाही, हे तुमचे प्रश्न आहेत. ते ह्यूस्टन किंवा लंडनमध्ये बसून कुणी सोडवणार नाही. परदेशी जाण्याबद्दलचं माझं मत यातच आलं. पद्धत शिकायला जरूर जा, पण प्रश्न इथेच आहेत.

प्रश्न निवडताना यंत्रांच्या मागे लागू नका, असं मी आग्रहाने सांगते. महाधमनीत फुगा फुगवून रक्तस्राव थांबवण्याच्या तंत्राचा काही वर्षं फार बोलबाला होता. तर्कही पटणारा होता. 2023 मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीचा निकाल आला. 90 पेशंट होते, 90 दिवसांतले मृत्यू फुगा वापरण्याच्या गटात 54 टक्के आणि नेहमीच्या उपचारांत 42 टक्के. फुगा बसवण्यात जी मिनिटं जातात ती पोट उघडण्याच्या मिनिटांतून वजा होतात, हे त्यामागचं एक संभाव्य कारण मानलं जातं. आपल्याकडे जिथे रात्री रक्त मिळवायलाच तास जातो, तिथे पहिला प्रश्न रक्तपेढीचा असायला हवा.

आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर असं काम झालेलं आहे, हेही तुमच्या सीनियरना सांगा. 2013 च्या सुमारास मुंबईतले सर्जन नोभोजित रॉय आणि स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले सहकारी यांच्या पुढाकाराने मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या चार सरकारी रुग्णालयांत ट्रॉमाची सामाईक नोंदवही सुरू झाली. खास नेमलेले नोंदकर्ते पाळीपाळीने कॅज्युअल्टीत बसत आणि डोळ्यांसमोर घडेल ते लिहीत. त्यातून निघालं की भरती झालेल्यांपैकी 30 दिवसांत रुग्णालयातच दगावणाऱ्यांचं प्रमाण दर पाचांमागे एकाहून थोडं जास्त आहे. आपल्याला ते अंदाजाने माहीत होतं, पण सरकारी बैठकीत अंदाज चालत नाही. त्या नोंदींवर नंतर कित्येक तरुण डॉक्टरांनी आपापले प्रबंध उभे केले. एकाने लावलेल्या शिस्तीवर दहा जणांचं काम उभं राहतं, आणि ट्रॉमाच्या संशोधनात हे सतत होत असतं.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, निसटणारे पेशंट शोधा, इजेची वेळ लिहा, शेवट काय झाला ते प्रत्येकाचं नोंदवा, आणि प्रश्न तुमच्या दारातला निवडा. आता संमती आणि करिअर.

संमतीची भीती घालून बरेच जण ट्रॉमातल्या चाचण्यांपासून परावृत्त करतात. बेशुद्ध माणसाची सही कशी घेणार? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा वेळी कायदेशीर प्रतिनिधीची संमती घेता येते आणि पेशंट शुद्धीवर आल्यावर त्याची स्वतःची पुन्हा घ्यायची असते. माझा अनुभव असा आहे की नातेवाईक संशोधनाला नकार देत नाहीत, घाईला नकार देतात. नवरा ट्रॉलीवर असताना बाईसमोर चार पानी मराठी भाषांतर ठेवून ‘इथे सही करा’ म्हणणं ही संमती नव्हे. दोन वाक्यांत सांगायचं, तिला विचारायला वेळ द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन शांतपणे समजावायचं. आणि नुसत्या नोंदींच्या अभ्यासातही, 30 दिवसांनी फोन करण्याची परवानगी डिस्चार्जच्या वेळी विचारून ठेवा. दोन फोन नंबर घ्या, एक पेशंटचा आणि एक शेजाऱ्याचा किंवा गावाकडचा. पेशंटचा मोबाईल बऱ्याचदा अपघातातच गेलेला असतो. चाचणी करणार असाल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी झालेली हवी. नंतर होत नाही, आणि त्याशिवाय चांगलं जर्नल तुमचा पेपर उघडूनही बघणार नाही.

संख्याशास्त्राबद्दल एवढंच, की संख्याशास्त्रज्ञाकडे माहिती गोळा करण्याआधी जा. पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात असा कुणीतरी असतोच. आयसीएमआरच्या चेन्नईच्या संस्थेचा जो ऑनलाईन संशोधन कोर्स आपल्याला करावा लागतो, तो प्रमाणपत्रापुरता न करता लक्ष देऊन करा, पाया पक्का होतो.

करिअरबद्दल माझं एक ठाम मत आहे. आधी हात तयार करा. एमएसनंतरची चार-पाच वर्षं भरपूर ऑपरेशनं होतील अशा ठिकाणी काढा. याचं कारण प्रतिष्ठा नाही. जो रात्री फुटलेलं यकृत पॅक करतो त्यालाच कळतं की कुठे वीस मिनिटं वाया जातात, आणि ती वीस मिनिटं हाच पुढे संशोधनाचा विषय होतो. सर्जरी सोडून पूर्णवेळ संशोधनात गेलेले काही जण उत्तम काम करतात, पण त्यांनाही प्रश्न पुरवायला वॉर्डातला माणूस लागतो. तुमची जागा ती आहे.

पीएचडी लागतेच असं नाही. पद्धत शिकायला ती चांगली आहे आणि आपल्या रुग्णालयातली माहिती घेऊन बाहेरच्या विद्यापीठातून अर्धवेळ करणारे सर्जन आहेत. पण घरी कर्ज असेल, जोडीदाराची नोकरी दुसऱ्या गावात असेल, तर ती पाच वर्षांनी केली तरी बिघडत नाही. एम्स दिल्लीसारख्या ठिकाणी ट्रॉमा सर्जरीचं एमसीएच (एमएसनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) आहे, तो रस्ताही बघा. खासगीत गेलात तर पगार चांगला मिळेल, पण नोंदींवर तुमचा अधिकार किती राहील हे आधीच विचारून घ्या. शिकवणाऱ्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात पगार कमी आणि थकवा जास्त असतो, पण प्रश्नांची आणि पेशंटची कमतरता नसते. माझी निवड उघड आहे, पण ती माझ्या घरच्या परिस्थितीत शक्य होती हेही खरं.

पेपरच्या नावांवरून त्रास होईल, त्याची तयारी ठेवा. प्रमोशनला पेपर लागतात, म्हणून ज्यांनी एकही पेशंट पाहिला नाही त्यांची नावं वर चढतात. माझ्या सुरुवातीच्या काळात एका ठिकाणी माझं नाव पहिल्यावरून चौथ्यावर गेलं आणि मला छापून आल्यावर कळलं. तेव्हापासून मी एक नियम पाळते. काम सुरू होण्याआधी नावांचा क्रम आणि कोण काय करणार हे एका कागदावर लिहून सगळ्यांना ईमेल करते. ज्युनिअर असताना हे विचारायला धीर लागतो, म्हणून मी गाईड असले की स्वतःहून करते. आणि पैसे भरा, आठवड्यात छापतो म्हणणाऱ्या जर्नलांना बळी पडू नका. वर्षाला एकच पेपर झाला तरी चालेल, पण पाचही वर्षं एकाच प्रश्नावर राहा. पाच वेगवेगळ्या विषयांवरच्या पाच पेपरांनी तुमची ओळख तयार होत नाही. ‘रेफर पेशंटच्या वेळेवर काम करणारा सर्जन’ अशी ओळख झाली की देशभरातून फोन येतात.

तर आता उद्याचं काम. थिसिस बदलू नका, सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) मंजूर झाली आहे. मास्टर चार्टला चार रकाने जोडा: इजेची वेळ, पहिल्या रुग्णालयात पोहोचल्याची वेळ, तुमच्याकडे आल्याची वेळ, आणि 30 व्या दिवशी जिवंत की नाही. यासाठी एथिक्स कमिटीला दुरुस्तीचं पत्र द्यावं लागेल, ते गाईडच्या सहीने द्या. त्याच काळात कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमधून पोटाच्या इजा असलेले पण ॲडमिट न झालेले, ब्रॉट डेड आणि डामा झालेले पेशंट वेगळ्या यादीत घ्या. थिसिसमध्ये ते एका परिच्छेदात येतील, पण परीक्षक त्याच परिच्छेदावर थांबतील.

आणि बाँडचं वर्ष ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात मिळालं तर ते वाया गेलं असं समजू नका. आम्ही मोठ्या रुग्णालयात बसलेले लोक साखळीचं एकच टोक बघतो. तुम्ही दुसऱ्या टोकाला असाल. तिथून तुम्ही ज्यांना पुढे पाठवाल त्या प्रत्येक जखमीची वेळ, बीपी, काय दिलं आणि गाडी किती वाजता निघाली हे लिहून ठेवा, आणि तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांच्या परवानगीने दुसऱ्या दिवशी त्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीला फोन करून तो पोहोचला का, हे विचारा. पहिल्या काही फोनांना कुणी नीट उत्तर देणार नाही. मग तिथल्या एखाद्या रजिस्ट्रारशी ओळख काढा, त्याला तुमची यादी पाठवा. सहा महिने झाले की ती यादी आणि न पोहोचलेल्यांचा आकडा घेऊन मला इथेच लिहा, पुढचा अभ्यास कसा बांधायचा ते आपण मिळून बघू.